खानखानान रहीम : छावणीतला किताबखाना

महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये रहीम भेटतात ते हिंदीच्या पुस्तकात. पाच-सहा दोहे, त्याखाली शब्दार्थ आणि 'कवी परिचय' म्हणून तीन ओळी. हे दोहे घोकणाऱ्या मुलाला सहसा कोणी सांगत नाही की हाच माणूस फौज घेऊन अहमदनगरच्या किल्ल्याखाली उभा होता, गोदावरीच्या काठी दोन दिवस मरणाच्या दारात लढत होता आणि वऱ्हाड, खानदेश, मराठवाडा या मुलखांत त्याच्या आयुष्याची वीसहून अधिक वर्षे गेली. दोह्यांचे रहीम आणि मोगल सिपहसालार अब्दुर्रहीम खानखानान ही जणू दोन वेगळी माणसे आहेत, असा आपला समज झालेला आहे. खुद्द रहीम यांना मात्र ही दोन्ही माणसे एकाच तंबूत सांभाळावी लागली.

त्यांचा जन्म १७ डिसेंबर १५५६ रोजी लाहोरला झाला. वडील बैरमखान. हुमायूनचे विश्वासू सरदार आणि बाल अकबराचे पालक. आई मेवातच्या जमालखानांची मुलगी. म्हणजे वडिलांकडून तुर्की आणि फारसी, तर आईकडून मेवाती मातीची बोली. बैरमखान रणांगणावर जितके कडक, तितकेच शायरीत रमणारे होते. फारसी आणि तुर्की अशा दोन्ही भाषांत ते कविता करीत. घरातला हा वारसा रहीमला मिळाला, पण वडील फार काळ मिळाले नाहीत.

अकबराशी बेबनाव झाल्यावर बैरमखान हजला निघाले. वाटेत गुजरातेत पाटण येथे जानेवारी १५६१ मध्ये एका अफगाणाने जुन्या लढाईत मारल्या गेलेल्या आपल्या बापाचा सूड म्हणून त्यांना भोसकले. मुक्काम लुटला गेला. चार वर्षांच्या रहीमला घेऊन काही विश्वासू सेवक कसेबसे अहमदाबादेत पोहोचले. पुढे अकबराने मुलाला आग्र्याला बोलावून घेतले आणि आपल्या देखरेखीखाली वाढवले. बैरमखानांची विधवा सलीमा सुलतान बेगम हिच्याशी बादशहाने निकाह केला. ही सलीमा बाबराची नात. स्वतः कविता करणारी आणि पुस्तकांची अशी वेडी की शाही ग्रंथालयातून एक पुस्तक दिसेनासे झाले तेव्हा तिच्या चौकशीमुळे बदायुनीसारख्या विद्वानावर बालंट आले होते. अनाथ मुलगा अशा घरात वाढला. अरबी, फारसी, तुर्की, संस्कृत आणि हिंदवी शिकला. घोडा आणि तलवारही शिकला.

सोळाव्या वर्षी तो अकबराच्या प्रसिद्ध गुजरात धावेत होता. १५७३ च्या त्या स्वारीनंतर त्याला पाटणची जहागीर मिळाली. बापाचे रक्त सांडले तेच गाव! बादशहाच्या मनात काय होते हे तवारिखांत नाही, पण त्या तरुणाला पाटणच्या वाटेवरून जाताना काय वाटले असेल याचा अंदाज करता येतो.

खरी परीक्षा दहा वर्षांनी आली. गुजरातचा पदच्युत सुलतान मुजफ्फरशहा याने बंड करून अहमदाबाद घेतले, तेव्हा अकबराने रहीम यांना पाठवले. वय सत्तावीस. त्यांच्याकडे सुमारे दहा हजार फौज आणि समोर चाळीस हजार, असे तवारीखकार सांगतात. माळव्याची कुमक वाटेवर होती. थांबावे असे अनेकांचे मत होते. दौलतखान लोदी या जुन्या सरदाराने मात्र सुचवले की कुमक आल्यावर फत्ते झाली तर ती वाटून घ्यावी लागेल. वडिलांचा 'खानखानान' हा किताब हवा असेल तर एकट्यानेच जिंकले पाहिजे. जानेवारी १५८४ मध्ये सरखेजला लढाई झाली आणि रहीम जिंकले. किताब मिळाला, पंचहजारी मनसब मिळाली. विजयाच्या जागी त्यांनी बाग लावली. सांगतात की फत्तेनंतर त्यांनी जवळचे होते नव्हते ते सैनिकांना वाटून टाकले. सगळे संपल्यावर एक शिपाई उशिरा आला, तेव्हा उरलेले कलमदान उचलून त्याच्या हातावर ठेवले. शिपायाने त्या कलमदानाचे काय केले असेल कोण जाणे, विकलेच असेल. पण सेनापतीच्या अंगावर शेवटची चीज उरली होती ती कलमदान, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

गुजरातहून परतल्यावर हातात थोडी उसंत होती. त्या उसंतीत रहीम यांनी बाबराची आत्मकथा चगताई तुर्कीतून फारसीत आणली आणि १५८९ मध्ये अकबरापुढे ठेवली. तुर्की जाणणारे दरबारात कमी होत चालले होते. नातवाला आजोबांचे पुस्तक वाचता यावे म्हणून हे काम झाले. ते करणारा हात लढवय्याचा होता, हा योगायोग नव्हे. बाबर लढाईच्या वर्णनामधेच खरबुजाची चव सांगतो, वेढ्याच्या हकिकतीत फुलांचे रंग मोजतो, हारल्याचे लपवत नाही. अशा लेखकाचे मन ओळखायला तंबूत राहिलेला माणूसच हवा. पुढे शाही चित्रकारांनी या फारसी बाबरनाम्याच्या अनेक सचित्र प्रती केल्या. त्यातली एक दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १८२६ मध्ये बाबर इंग्रजीत गेला, तोही मुख्यतः रहीम यांच्याच फारसीच्या आधाराने. म्हणजे सुमारे तीन शतके जगाने बाबराला बव्हंशी खानखानानांच्या शब्दांत वाचले.

मग सिंध. १५९१ ते १५९३ या काळात ठठ्ठ्याच्या मिर्झा जानी बेगशी नदीत नावांवरून आणि काठावर खंदकांतून युद्ध झाले. जानी बेग शरण आला. मुल्ला शकेबी या रहीम यांच्या पदरच्या शायराने या विजयावर मसनवी लिहिली. तीत त्याने जानी बेगला हुमा पक्ष्याची उपमा दिली, पकडला गेला आणि मोकळाही झाला असा हुमा. रहीम यांनी कवीला हजार अशर्फ्या दिल्या. गंमत पुढेच आहे. तिथे हजर असलेल्या पराभूत जानी बेगनेही हजार अशर्फ्या दिल्या. कारण विचारता त्याने सांगितले म्हणे की, कोल्हा म्हटले असते तरी या शायराची जीभ कोण धरणार होता? हुमा म्हटले, हे उपकारच! विजेता आणि पराजित दोघेही एकाच कवितेला बक्षीस देत आहेत, असा दरबार रहीम यांच्याभोवतीच जमू शकत होता. उर्फी शिराझी, नजीरी निशापुरी अशा इराणातून आलेल्या बड्या शायरांना त्यांचाच आधार होता.

इथून त्यांच्या आयुष्यात आपला मुलूख येतो आणि तो सुखाचा नाही. १५९५ च्या अखेरीस मोगल फौज अहमदनगरला भिडली. शहजादा मुराद नावाचा सेनापती. खानखानान त्याच्या जोडीला. दोघांचे पटत नव्हते. मुराद तरुण, दारूत बुडालेला, सल्ला न ऐकणारा. खानखानान मानी, आपल्या तंबूत वेगळे बसणारे. तटाखाली सुरुंग भरले गेले. आतून चांदबीबीच्या माणसांनी प्रतिसुरुंग खणून त्यांतले काही निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला भगदाड पडले. त्या भगदाडात बुरखा घेतलेली, हातात तलवार धरलेली चांदबीबी रात्रभर उभी राहिली आणि पहाटेपर्यंत तट पुन्हा बांधून निघाला. आपल्याकडे ही गोष्ट अजून सांगितली जाते आणि सांगणाऱ्याचे मन चांदबीबीच्या बाजूचे असते, ते योग्यच आहे. रहीम त्या रात्री तटाच्या दुसऱ्या बाजूला होते. हे झाकून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. अखेर वऱ्हाड मोगलांना देऊन तह झाला.

तह टिकला नाही. फेब्रुवारी १५९७ मध्ये गोदावरीच्या काठी, आजच्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ-पाथरीच्या परिसरात, विजापूरच्या सुहेलखानाशी गाठ पडली. त्याच्याबरोबर अहमदनगर आणि गोवळकोंड्याची फौजही होती. पहिल्या दिवशी मोगलांची फळी फुटली. खानदेशचा राजा अलीखान मोगलांच्या बाजूने लढताना पडला. रात्री दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटत होते. दोघेही अंधारात रणातच बसून राहिले. सकाळी रहीम यांच्याजवळ मोजकी माणसे उरली होती. तेव्हा तोच म्हातारा दौलतखान लोदी विचारायला आला की हार झाली तर आम्ही तुम्हाला कुठे शोधायचे. रहीम यांनी प्रेतांच्या ढिगाखाली शोधा असे सुचवले, अशी हकिकत आहे. दुसऱ्या दिवशी सुहेलखान जखमी होऊन मागे हटला.

याच सुमाराचे काही तपशील शेजारी शेजारी ठेवले तर माणूस दिसू लागतो. लढाई १५९७ ची. त्यांचा एक धाकटा मुलगा आगीत भाजून गेला, तोही या काळात. १५९८ मध्ये पत्नी माहबानू बेगम वारली. तिच्यासाठी त्यांनी दिल्लीला, निजामुद्दीन औलियांच्या दर्ग्यापासून जवळ, मकबरा बांधवला. मोगल काळात पत्नीसाठी उभारलेल्या भव्य मकबऱ्यांत तो आरंभीचा, ताजमहालाच्या कितीतरी आधीचा. आणि याच १५९७ च्या आसपास त्यांच्या किताबखान्यात रामायणाच्या सचित्र फारसी प्रतीचे काम सुरू झाले. ते १६०५ पर्यंत चालले.

या रामायणाबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. अकबराने वाल्मीकी रामायणाचे फारसी भाषांतर करवून घेतले होते. बादशहाची प्रत शाही चित्रकारांनी सजवली होती. रहीम यांनी ती पाहिली आणि परवानगी घेऊन स्वतःसाठी दुसरी प्रत करायला घेतली. तीत सव्वाशेहून अधिक चित्रे आहेत. ती आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे. आरंभी रहीम यांच्या हातची फारसी नोंद आहे. ग्रंथ कोणता, मूळ वाल्मीकींचे, भाषांतरात नकीबखान आणि देव मिश्र पंडित यांचा हात कसा, हे सारे एखाद्या जाणकार ग्रंथपालाने लिहावे तसे त्यांनी लिहून ठेवले आहे.

चित्रांखाली फजल, कमाल, कासिम, श्यामसुंदर, काला पहाड अशी नावे आढळतात. यातले फार थोडे पहिल्या दर्जाचे होते. शाही चित्रशाळेतला बसावन किंवा मिस्कीन यांच्या पंक्तीत यांना कोणी बसवणार नाही. काही चित्रांत माणसे अवघडल्यासारखी उभी आहेत, झाडे घाईत रंगवलेली आहेत. बादशहा शंभर हातांतून शंभर उस्ताद निवडू शकत होता. दक्षिणेच्या मोहिमेवर असलेल्या सरदाराला मिळतील त्यांना शिकवून घ्यावे लागे. त्यांच्या घरात वाढलेला नदीम नावाचा गुलाम किताबखान्यात तयार होऊन चित्रकार झाला. पण या प्रतीला एक चव आहे. दरबारी चित्रांतला झगमगाट नाही. कथा काय सांगते याकडे लक्ष आहे. लढायांची चित्रे लढाई पाहिलेल्या मालकासाठी काढलेली आहेत, हे जाणवते. रमजानचे रोजे, नमाज, कुराण जपणारा हा मुसलमान सरदार रामकथेची पाने उलटताना कुठे संकोचला, असे त्या नोंदीत कुठेही दिसत नाही. त्याला ते आपल्याच देशाचे थोर पुस्तक वाटत होते.

किताबखाना म्हणजे नुसते पुस्तकांचे कपाट नव्हे. त्यात कातिब बसत, कागद घोटून गुळगुळीत करणारे बसत, सोनेरी कलाकुसर करणारे, जिल्दसाज, चित्रकार बसत. मालक बऱ्हाणपूरला असो की छावणीत, हा कारखाना चालू ठेवायचा तर पैसा लागतो आणि तो जहागिरीतून, म्हणजे शेवटी लढाईतून आणि रयतेच्या साऱ्यातून येतो. रहीम यांचे रंग आणि सोने कुठून आले, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. दक्षिणेतल्या सरदारांशी त्यांची आतून हातमिळवणी आहे, ते लढाई मुद्दाम लांबवतात, पैसे घेतात, असे आरोप त्यांच्या हयातीतच झाले. अबुल फजललाही त्यांचा भरवसा वाटत नव्हता. आरोप करणारे बरेचसे त्यांच्या जागेवर डोळा ठेवणारे होते, हेही खरे.

१६०० मध्ये अहमदनगर पडले. त्याआधीच चांदबीबीला तिच्याच लोकांनी मारले होते. पण किल्ला घेतल्याने मुलूख ताब्यात आला नाही, कारण आता समोर मलिक अंबर होता. १६०२ मध्ये नांदेडजवळ रहीम यांचा थोरला मुलगा इरज याने अंबरला हरवले, अंबर जखमी झाला. मग रहीम आणि अंबर यांनी भेटून सरहद्द ठरवली. दोघांनाही एकमेकांची किंमत कळत होती. १६१० मध्ये मात्र रहीम यांनी पावसाळ्यात घाटावर चढाई केली आणि अंबरने रसद तोडून मोगल फौजेची दैना केली. उपासमारीत माघार घ्यावी लागली, अहमदनगरचा किल्लाही गेला. जहांगिराने त्यांना परत बोलावले. चौपन्न वर्षांच्या सेनापतीचा हा सर्वात लाजिरवाणा पराभव. दोन वर्षांत त्यांनाच पुन्हा पाठवावे लागले, कारण दख्खन ओळखणारा दुसरा माणूस मोगलांकडे नव्हता. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला इरजने, तोवर तो शाहनवाजखान झाला होता, अंबरचा मोठा पराभव केला आणि अंबरने वसवलेले खडकी, म्हणजे पुढचे औरंगाबाद, जाळले. नव्याने उभे राहत असलेले देखणे शहर रहीम यांच्या मुलाच्या हातून जळाले. त्याच वर्षी अब्दुल बाकी नहावंदी याने रहीम यांचे चरित्र 'मआसिर-ए-रहीमी' पूर्ण केले. त्यात शायर, कातिब आणि चित्रकार यांच्या हकिकती भरभरून आल्या आहेत.

बऱ्हाणपूर हे या काळातले त्यांचे घर. १६१५ च्या सुमारास तिथे सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि विहिरींच्या माळेतून शहरात आणण्याची योजना त्यांच्या काळात झाली. कुंडी भंडारा म्हणून ती अजून दाखवतात, आणि पाणीही आहे. याच वर्षांत कधीतरी ब्रज आणि अवधीत त्यांचे दोहे, बरवै रचले गेले असावेत. नेमके कधी आणि कुठे, याच्या तारखा कोणी ठेवल्या नाहीत. दरबारी फारसी तवारिखांना या देशी बोलीतल्या कवितेशी कर्तव्य नव्हते. ती लोकांनी तोंडी जपली. तुलसीदासांशी त्यांची मैत्री, कवी गंगला दिलेले लाखो रुपये या आख्यायिकाही लोकांनीच जपल्या. देताना ते नजर खाली ठेवत, कारण देणारा कोणी वेगळाच असून नाव आपले होते याची त्यांना लाज वाटे, ही आठवण तर रमजानच्या दिवसांत सदका-जकातीचा विषय निघाला की आजही कुणी ना कुणी सांगतोच.

यानंतर उतरण. १६१९ मध्ये शाहनवाजखान दारूपायी गेला. त्याच सुमाराला दुसरा मुलगा रहमानदाद बाळापूरला तापातून उठून लढाईवर गेला आणि दोन-तीन दिवसांत संपला. बापाला ही बातमी सांगायला कोणी धजेना. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, याने बापाविरुद्ध बंड केले तेव्हा रहीम आणि उरलेला मुलगा दाराब त्याच्या बाजूला गेले. मग रहीम यांची महाबतखानाशी गुप्त पत्रे पकडली गेली आणि खुर्रमने त्यांना कैद केले. पुढे कुराणावर हात ठेवून शपथ घेऊन ते तहासाठी खुर्रमच्या वतीने नर्मदेवर गेले आणि तिथे बादशाही फौजेत सामील झाले. जहांगिराने आपल्या आठवणींत या म्हाताऱ्याला कृतघ्न म्हणून झोडपले. शाहजहानच्या लोकांनीही तेच म्हटले असेल. मोडलेली शपथ ही मोडलेली शपथच. दोन तख्तांच्या मधे सापडलेल्या, मुले-नातवंडे दोन्हीकडे ओलीस असलेल्या माणसाकडे दुसरा मार्ग कोणता होता, हे विचारता येईल, पण त्याचे उत्तर सोपे नाही.

शिक्षा दाराबला मिळाली. १६२५ मध्ये महाबतखानाने त्याचे शिर कापले आणि झाकलेल्या थाळीत, कलिंगड म्हणून, कैदेतल्या बापाकडे पाठवले. कापड दूर केल्यावर रहीम यांनी ते शहीदाचे फळ आहे एवढेच सुचवले आणि वर पाहिले, असे लिहून ठेवलेले आहे. आयुष्यभर शब्दांशी खेळलेल्या माणसाच्या जिभेवर त्या क्षणीही शब्दाचे दुहेरी अर्थ आले. ही सवय होती की आधार, हे ठरवता येत नाही.

जहांगिराने नंतर माफ केले. किताब परत दिला, एक लाख रुपये दिले. १६२६ मध्ये महाबतखान स्वतःच बादशहावर उलटला, तेव्हा सत्तर वर्षांच्या रहीम यांनी त्याच्या पाठलागाची कामगिरी मागून घेतली. मुलाच्या खुन्यावर चालून जायचे होते. पण लाहोरला, जिथे जन्म झाला तिथेच, ते आजारी पडले. कसेबसे दिल्लीला आले आणि १६२७ मध्ये तिथे वारले. एकोणतीस वर्षांपूर्वी माहबानूसाठी बांधलेल्या मकबऱ्यात त्यांना दफन करण्यात आले.

किताबखाना विखुरला. पुस्तके एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली, पाने सुटून विकली गेली. काही लंडन, बर्लिन, वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. मकबऱ्याचा संगमरवर अठराव्या शतकात सफदरजंगच्या मकबऱ्यासाठी उखडून नेला आणि घुमट विटांचा उघडा सांगाडा होऊन उभा राहिला. २०१४ पासून सहा वर्षे तिथे दुरुस्ती चालली. दगडफोडे, गवंडी आणि चुन्याचे कारागीर यांनी छतावरची मिटलेली नक्षी पुन्हा काढली, घुमटाच्या बुडाशी थोडा संगमरवर लावला. बाकीचा घुमट त्यांनी उघडाच ठेवला आहे, काय काय नेले गेले ते दिसावे म्हणून.